टफ एकच नाही: मुंबईच्या भूगर्भाचे त्रिमितीय मॉडेल बांधताना

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. अंधेरी, साकीनाका, घाटकोपर आणि वरळी या पट्ट्यातले ५८ बोअर लॉग (जमिनीत भोक पाडून काढलेल्या खडकाच्या नोंदी) आपण जमवले, भूकोश या संकेतस्थळावरून भूवैज्ञानिक नकाशा घेतला, उंचीसाठी एसआरटीएम या रडार-मोजणीची माहिती वापरली, थरांच्या कलाचे (नतीचे) आकडे भरले आणि हे सगळे जेमपाय या थरांची मॉडेले बांधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालवले. बेसॉल्ट (थिजलेल्या लाव्हाचा काळा कातळ) आणि त्यामधला टफ (घट्ट झालेली ज्वालामुखीची राख) असे साधे चित्र आपल्याला अपेक्षित होते. प्रत्यक्षात टफाचा पृष्ठभाग घाटकोपरच्या टेकड्यांवर हवेत जातो, कुर्ल्याच्या बाजूला दरीसारखा खचतो आणि वरळीत पुन्हा वर येतो. म्हणून आपण विचारले आहे की सॉफ्टवेअर बदलावे का आणि आणखी किती बोअरहोल मिळाले तर हे सुधारेल.

मी गेली बावीस वर्षे मुंबई आणि ठाण्यात बोगद्यांच्या व इमारतींच्या पायांच्या तपासणीचे काम करतो आणि त्यातली बरीचशी वर्षे याच थरांची मॉडेले बांधण्यात गेली आहेत. माझ्या मते अडचण सॉफ्टवेअरमध्ये नाही आणि बोअरहोलच्या संख्येतही नाही. लॉगमध्ये जिथे जिथे ‘टफ’ लिहिले आहे तो सगळा एकच थर आहे असे आपण धरले आहे, आणि सॉफ्टवेअरने ते इमानाने पाळले आहे.

हे एका हिशेबाने दाखवतो. मुंबईतले लाव्हाचे थर आडवे नाहीत. पनवेल फ्लेक्शर नावाच्या वाकाच्या पूर्वेला, म्हणजे माथेरानच्या बाजूला, हे थर जवळजवळ सपाट आहेत. पश्चिमेला मात्र ते समुद्राकडे कलतात आणि मुंबईत हा कल साधारण १० ते १५ अंशांचा मिळतो. घाटकोपर ते वरळी हे पूर्व-पश्चिम अंतर सुमारे १० किलोमीटर आहे. कल १० अंश धरला तर दर किलोमीटरला थर १७६ मीटर खाली जातो. म्हणजे घाटकोपरला जमिनीलगत असलेला टफ, मध्ये मोठा भ्रंश (जिथे खडक तुटून वर-खाली सरकतो ती भेग) नसेल तर, वरळीपर्यंत पोहोचताना पावणेदोन किलोमीटरच्या आसपास खोल गेलेला असायला हवा. वरळीच्या लॉगमध्ये टफ ३० मीटरवर लागला असेल, तर तो घाटकोपरचा टफ नव्हे. तो त्याच्या कितीतरी वर, नंतरच्या काळात साचलेला वेगळा थर आहे. आपण सॉफ्टवेअरला एकाच वेळी दोन गोष्टी सांगितल्या: हा पृष्ठभाग पश्चिमेला १० अंशांनी कललेला ठेव, आणि तो या दोन्ही बिंदूंतून ने. या दोन्ही अटी एका सरळ पृष्ठभागाला पाळता येत नाहीत, म्हणून तो प्रत्येक बोअरहोलपाशी कल सांभाळतो आणि मधल्या जागेत वर-खाली उसळतो. आपल्याला दिसलेली दरी आणि हवेतला टफ हे त्याचेच परिणाम आहेत.

मुंबईत हे विशेषकरून घडते, कारण इथला लाव्हा सह्याद्रीच्या कड्यांसारखा एकावर एक रचलेल्या पायऱ्यांचा नाही. इथे उथळ पाण्यात आलेले लाव्हा आहेत, त्यांचे फुटून झालेले काचमय तुकडे आहेत, ब्रेशिया (टोकदार तुकडे घट्ट होऊन बनलेला खडक) आहे, राखेचे थर आहेत, दोन लाव्हांच्या मधल्या काळात तळ्यांत साचलेला शेल (चिखलाचा थरदार खडक) आहे, आणि शेवटच्या टप्प्यातले ट्रॅकाइट व रायोलाइट हे वेगळ्या जातीचे लाव्हा आहेत. यातला टफ तर अनेक पातळ्यांवर पुन्हा पुन्हा येतो. तो भिंगासारखा मध्ये जाड आणि कडेला पातळ होत संपणारा असतो. दोन बोअरहोलमध्ये ५०० मीटरचे अंतर असेल तर त्या दोघांतला टफ एक आहे की नाही, हे लॉगवरच्या नावावरून ठरवता येत नाही.

तेव्हा सर्वांत आधी थरांचा क्रम ठरवावा लागतो, आणि त्यासाठी खुणेचा थर शोधावा लागतो. वरळी आणि मलबार हिलच्या बेसॉल्टखाली शेलचा थर आहे. वरळीच्या याच थरात बेडकांचे प्रसिद्ध जीवाश्म, इंडोबॅट्रॅकस, मिळाले. पातळ असला तरी तो ओळखता येतो, त्याची जागा ठाऊक आहे, आणि त्याच्या वरचे काय व खालचे काय हे ठामपणे सांगता येते. ज्या लॉगमध्ये काळपट, पानांसारखे सुटणारे शेल नोंदलेले आहे ते लॉग आधी बाजूला काढा. त्यांच्या आधाराने पश्चिमेकडचा एक गट पक्का होईल. पूर्वेकडच्या टफांना मग नावे न देता क्रमांक द्या, आणि जोवर पुरावा नाही तोवर दोन क्रमांक एक करू नका. चुकून वेगळे ठेवलेले थर पुढे जोडणे सोपे असते; चुकून जोडलेले थर सोडवणे फार जड जाते, कारण तोवर बाकीचे सगळे मॉडेल त्या जोडणीवर उभे राहिलेले असते.

आता आपल्या लॉगमधल्या शब्दांबद्दल. मुंबईतले बहुतेक बोअर लॉग भूविज्ञानासाठी लिहिलेले नसतात, पाया किती खोल न्यायचा हे ठरवण्यासाठी लिहिलेले असतात. त्यात खडकाचे नाव घाईने आणि कठीणपणा काळजीने नोंदलेला असतो. ‘मध्यम झिजलेला बेसॉल्ट’ असे लिहिलेल्या कोअरच्या (बोअरमधून निघालेल्या खडकाच्या दंडगोलांच्या) पेट्या उघडून पाहिल्यावर आत ब्रेशिया निघाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. साकीनाक्याच्या एका कामावर अशी पेटी माझ्यासमोर होती. कोअर करड्या रंगाचा, हाताला गुळगुळीत, लॉगमध्ये बेसॉल्ट. ओल्या फडक्याने पुसल्यावर हिरवट गाभ्यात गडद टोकदार तुकडे स्पष्ट दिसले. त्याचा एक तुकडा रात्रभर पाण्याच्या ग्लासात ठेवला; सकाळी त्याच्या कडा सुटून तळाशी चिखल झाला होता. बेसॉल्ट असा विरघळत नाही. त्या एका पेटीमुळे त्या पट्ट्यातले सात लॉग आम्हाला पुन्हा वाचावे लागले. आपल्याला सगळ्या पेट्या पाहायला मिळणार नाहीत हे मी समजू शकतो, पण ज्या बोअरहोलवर थराची जोडणी अवलंबून आहे, निदान त्यांच्या पेट्यांची छायाचित्रे मागून घ्या.

दुसरी गोष्ट पातळीची. हिचा फटका मला स्वतःला बसला आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. काही वर्षांपूर्वी पूर्व उपनगरातल्या एका कामात दोन वेगवेगळ्या कंत्राटांतले बोअरहोल एकत्र करून आम्ही मॉडेल बांधले. टेकडीच्या एका बाजूचा खडक दुसऱ्या बाजूपेक्षा वीसहून अधिक मीटर उंच दिसत होता. जागा उताराची असल्यामुळे कुणाला शंका आली नाही आणि आम्ही तिथे उत्तर-दक्षिण भ्रंश आखला. तो भ्रंश दोन महिने आमच्या अहवालात होता. नंतर कळले की एका कंत्राटाच्या पातळ्या समुद्रसपाटीपासून होत्या आणि दुसऱ्याच्या टाउन हॉल डेटमवर (डेटम म्हणजे उंची जिथून मोजायची ते ठरावीक शून्य). मुंबईत महापालिकेच्या कामांत हा जुना टाउन हॉल डेटम अजून चालतो, आणि त्याचे शून्य सरासरी समुद्रसपाटीच्या वीस मीटरहून अधिक खाली आहे. बंदराच्या कामांत याशिवाय चार्ट डेटम असतो. लॉगवर नुसते ‘आर.एल.’ लिहिलेले असते आणि ते कोणत्या शून्यापासून मोजले हे अहवालाच्या पहिल्या पानांवर कुठेतरी असते किंवा नसतेच. तेव्हापासून माझा नियम असा आहे की प्रत्येक बोअरहोलच्या तोंडाची पातळी उंचीच्या नकाशाशी ताडून पाहायची, आणि फरक पाच मीटरहून जास्त असेल तर त्याचे कारण सापडेपर्यंत तो बोअरहोल मॉडेलमध्ये घ्यायचा नाही.

अर्थात या ताळ्यातही एक मेख आहे. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने झाली आणि ती दाट वस्तीत छपरांची, जंगलात झाडांच्या शेंड्यांची उंची पकडते. लोअर परळ किंवा अंधेरीत जमीन खरी आहे त्यापेक्षा काही मीटर वर दिसेल. त्यामुळे बोअरहोलची तोंडे जमिनीखाली गाडलेली वाटली तर घाबरू नका. एकसारखा थोडासा फरक हा बहुधा उंचीच्या माहितीचा दोष असतो, आणि एखाद्या गटाचा अचानक वीस मीटरांचा फरक हा डेटमचा. आडव्या स्थानांनाही हेच लागू आहे. जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती मापावर) आहेत, आजचे जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर. रूपांतर न करता बिंदू ठेवले तर मुंबईत ते शंभरएक मीटर सरकतात. सगळे बिंदू यूटीएम या नकाशा-जाळीच्या विभाग ४३ उत्तरमध्ये आणा आणि मगच पुढे जा.

इथपर्यंत कातळाबद्दल बोललो. आपल्या मॉडेलमध्ये मुरूम, खाडीचा गाळ आणि भराव हेही त्याच रांगेत, टफाच्या वरचे थर म्हणून बसवलेले दिसतात. हे मात्र बदलावेच लागेल. मुरूम हा थर नाही. तो झिजलेला कातळ आहे. तो जमिनीच्या चढउताराबरोबर चालतो, थरांच्या कलाबरोबर नाही. बेसॉल्टचाही मुरूम होतो आणि ब्रेशियाचाही. त्याला स्वतंत्र पृष्ठभाग म्हणून जमिनीपासूनच्या खोलीने मोजा आणि कातळाच्या मॉडेलवर आच्छादनासारखा ठेवा. खाडीचा गाळ याहून वेगळा: कातळ कलला, झिजला, त्यात दऱ्या पडल्या आणि फार नंतर त्या दऱ्यांत गाळ बसला. म्हणून जेमपायमध्ये त्याला वेगळा गट करून, खालच्या सगळ्या थरांना छाटणारे झीजपृष्ठ असे नाते द्या. आपण ते न दिल्यामुळे गाळसुद्धा पश्चिमेला १० अंश कललेला आला आहे, जे अशक्य आहे.

गाळाच्या जाडीसाठी मुंबईत एक साधन आहे जे दुसऱ्या फारशा शहरांना नाही, ते म्हणजे सात बेटांचे जुने नकाशे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्ड या बांधाने वरळी आणि मुंबई यांच्यामधली खाडी अडवली, पुढे एकामागून एक भराव झाले, पण त्याआधीची किनाऱ्याची रेषा नकाशांवर उरली आहे. त्या रेषेवर गाळाची जाडी जवळपास शून्य धरता येते आणि दोन बेटांच्या मधल्या सखल भागात ती वाढत जाते. आपल्याकडे महालक्ष्मी ते परळ या टापूत चारच बोअरहोल असले तरी ही रेषा आपल्याला शेकडो शून्य-बिंदू देते. हे नकाशे जागेवर नेमके बसवणे किचकट असते. पण किल्ले, जुनी देवळे आणि टेकड्या यांच्या आधाराने ते पुरेसे जमते. आणि ही मेहनत वाया जात नाही, कारण या शहरात पावसाचे पाणी कुठे साचते आणि इमारतीचे पाइल किती खोल जातात हे आजही त्याच बुजलेल्या खाड्यांवर अवलंबून आहे.

अंधेरीचा गिल्बर्ट हिल, ट्रॅकाइटचे उंचवटे आणि डोलेराइटचे डाइक (भेगांत शिरून थिजलेल्या खडकाच्या भिंती) यांना थरांच्या रांगेत घालू नका. गिल्बर्ट हिल हा उभ्या स्तंभांचा सुमारे ६० मीटर उंचीचा कातळ आहे. तो आपल्या टफाच्या वर आहे की त्यातून वर आला आहे, या प्रश्नाचे उत्तर मॉडेलमध्ये वेगळी वस्तू म्हणूनच देता येते. डाइकच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. तो जवळजवळ उभा असतो आणि आपले बोअरहोलही उभे असतात, त्यामुळे पाच मीटर रुंदीचा डाइक ५८ बोअरहोलपैकी एकातही न सापडणे अगदी स्वाभाविक आहे. बोअरहोलमध्ये डाइक नाही याचा अर्थ तिथे डाइक नाही असा होत नाही. नकाशावर असेल किंवा खाणीच्या भिंतीत दिसला असेल तर तो ठेवा, अन्यथा अहवालात ही शक्यता शब्दांत लिहा.

आता आपल्या दोन प्रश्नांकडे येतो. किती बोअरहोल हवेत हे मॉडेल कशासाठी आहे यावर अवलंबून आहे. प्रबंधासाठी प्रदेशाची घडण समजावून सांगायची असेल तर आपले ५८ पुरेसे आहेत. एखाद्या बोगद्याच्या तोंडाशी काय लागेल हे सांगायचे असेल तर ५८० सुद्धा अपुरे ठरतील, कारण त्यासाठी त्याच जागेवरचे हवेत. पण संख्येपेक्षा त्यांची मांडणी महत्त्वाची आहे. मुंबई उत्तर-दक्षिण लांबट आहे, म्हणून भुयारी मेट्रो-३ सुद्धा तशीच धावते: कुलाबा, वांद्रे, सीप्झ अशी ३३.५ किलोमीटर. ही दिशा थरांच्या स्ट्राइकच्या, म्हणजे कलाला काटकोनात जाणाऱ्या आडव्या दिशेच्या, जवळची आहे. अशा रेषेवर बोअरहोल कितीही घेतले तरी आपण जवळपास त्याच थरांच्या गटातून चालत राहतो आणि छेदात थर आडवे दिसतात. क्रम उलगडायचा तर कलाच्या दिशेने, पूर्व-पश्चिम जावे लागते. गोरेगाव ते मुलुंड आणि बोरिवली ते ठाणे हे राष्ट्रीय उद्यानाखालचे बोगदे म्हणूनच मला मोलाचे वाटतात; त्यांची माहिती आपल्याला मिळू शकली तर दहा बोअरहोल शंभरांचे काम करतील.

सॉफ्टवेअरबद्दल इतकेच सांगतो की जेमपाय या कामाला योग्य आहे. लीपफ्रॉग किंवा जिओमॉडेलर हाताशी असते तरी चूक हीच झाली असती, फक्त चित्र अधिक गुळगुळीत आले असते. मी स्वतः संगणकाला हात लावण्याआधी आलेख कागदावर दोन-तीन छेद पेन्सिलीने काढतो, आणि उभे-आडवे प्रमाण एकच ठेवतो. उभे प्रमाण पाचपट केले की १० अंशांचा कल ४१ अंशांचा दिसतो, आणि मग डोळा नसलेल्या घड्या आणि भ्रंश शोधू लागतो. सपाट, कंटाळवाणा वाटणारा छेदच बहुधा खरा असतो.

मॉडेलच्या तळाबद्दलही सावध राहा. आपण तळाला ग्रॅनाइटचा पाया उणे १००० मीटरवर आडवा ठेवला आहे. किल्लारीच्या बोअरहोलमध्ये बेसॉल्ट ३३८ मीटरवर संपला, कोयनेत सुमारे ९३० मीटरवर. दोन्ही जागा मुंबईपासून दूर आहेत आणि पश्चिमेला थर कललेले आहेत, त्यामुळे ते आकडे इथे आणता येत नाहीत. आपले सर्वांत खोल बोअरहोल ६० मीटरचे आहे. मॉडेल उणे ३०० मीटरवर थांबवा आणि त्याखाली काहीही रंगवू नका. परीक्षक रंगीत चित्रावर विश्वास ठेवतो, आणि त्या विश्वासाला आपण जबाबदार असतो.

अनिश्चितता दाखवण्यासाठी मोठे गणित लागत नाही. कल १० ऐवजी १३ अंश धरून तेच मॉडेल पुन्हा चालवा. एका किलोमीटरवर थराची खोली १७६ ऐवजी २३१ मीटर येईल, म्हणजे तीन अंशांच्या शंकेतून ५५ मीटरांचा फरक पडतो. होकायंत्राने खडबडीत लाव्हावर घेतलेल्या मोजमापात तीन अंशांची चूक सहज होते. त्याशिवाय दर वेळी पाच-सहा बोअरहोल बाहेर ठेवून मॉडेल बांधा आणि त्यांच्या जागी मॉडेल काय सांगते ते पाहा. जिथे अंदाज वारंवार चुकतो तिथे बहुधा थरांची जोडणी चुकलेली असते, आणि पुढच्या तपासणीची जागाही तीच.

आता लगेच करण्यासारखे काम म्हणजे घाटकोपर-वरळी पट्ट्यातून एक सरळ पूर्व-पश्चिम छेद, समान प्रमाणात. त्याच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरांतले बोअरहोल त्यावर टाका, प्रत्येक टफाच्या माथ्यापासून पश्चिमेला १० अंशांची आणि १५ अंशांची अशा दोन रेषा काढा, आणि कोणता टफ कोणाच्या पट्ट्यात पडतो ते पाहा. माझा अंदाज आहे की किमान तीन वेगळे टफ सुटे होतील. तो छेद आणि त्यावरच्या बोअरहोलच्या पातळ्या कोणत्या डेटमवर आहेत ती नोंद आपण दाखवलीत, तर पुढची जोडणी मी आपल्याबरोबर बसून पाहीन.